नळाचा उसासा : आडव्या नळातील हवा, पाणी आणि लाट

आपल्या पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील कोणत्याही घरात सकाळी पाणी यावयाच्या वेळी नळापाशी कान देऊन उभे राहावे. चावी उघडली की प्रथम नुसती हवा फुसफुसते. मग नळ खोकतो, गुरगुरतो, दोन घोट पाणी थुंकतो, पुन्हा हवा सोडतो. आणि असे चारपाच वेळा झाल्यावर एकदाची धार लागते. घरातील मंडळी घागर पुढे सरकवतात आणि कामाला लागतात. या खोकण्याकडे आपण कोणी फारसे लक्ष देत नाही. परंतु त्या थोड्या क्षणांत पदार्थविज्ञानाचा एक संपूर्ण धडा दडलेला आहे; आणि तो धडा ठाऊक नसल्यामुळे एका वाड्यातील शेजाऱ्याशेजाऱ्यांचे बोलणे कसे बंद पडले, हे मी स्वतः पाहिले आहे. स्मरणिकेसाठी ‘सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा’ अशी सूचना आली, तेव्हा हाच विषय प्रथम मनात आला.

एका भांडणाची हकीकत

काही वर्षांपूर्वीची ही गोष्ट. आमच्या वाड्याला पाणी मिळत असे ते डोंगरीच्या उतारावरील एका लहानशा टाकीतून. टाकीपासून निघालेला दोन इंची नळ वरच्या चार घरांपाशी थोडा उंचावून, मग व्हाळाकडे उतरून, मोरीवरून पुन्हा चढून, खालच्या घरांकडे जात असे. पूर्वी टाकीत अष्टौप्रहर पाणी असे. तेव्हा कोणाचीच तक्रार नव्हती. पुढे दिवसातून एकदाच पाणी सुटण्याची पाळी आली. रात्री टाकी आणि नळ दोन्ही कोरडे पडत. पहाटे टाकी भरे, वरच्या घरी पाणी येई, खालच्या घरी मात्र नळ थोडा फुसफुसून गप्प होई. वरच्या घरांनी पाणी भरून घेतले की मगच खाली धार लागे.

साहजिकच खालच्या घरांनी अनुमान काढले की, वरची मंडळी पाणी ओढून घेतात. माझे घर खालच्या बाजूस. तक्रारअर्जाचा मसुदा मीच लिहिला आणि पहिली सही माझीच होती. वरच्या घरांना हा आळ फार लागला. त्यांनी पहाटेच्या वेळी नळ उघडणेच सोडून दिले आणि ती आपल्या विहिरीचे पाणी शेंदू लागली. आता तरी आम्हांस भरपूर पाणी मिळावयास हवे होते. पण झाले उलटेच! वरचे नळ बंद राहू लागले आणि खालचे पाणी पार आटले. आमचा संशय मात्र आणखीच बळावला. ईदेची आणि चवथीची ताटे एकमेकांच्या घरी जात, तीही त्या वर्षी गेली नाहीत.

त्याच सुमारास माझ्या अंगणात चिऱ्यांचा गडगा घालण्यासाठी एक वृद्ध गवंडी येत असत. पातळी पाहण्यासाठी त्यांच्याजवळ पाणी भरलेली पारदर्शक नळी होती. ती नळी हाताने टिचकावून आतला बुडबुडा बाहेर काढण्यात ते बराच वेळ घालवीत. मी सहज विचारले, “मेस्त्री, एवढ्याशा बुडबुड्यासाठी इतका खटाटोप कशाला?”

ते म्हणाले, “मास्तर, बुडबुडा राहिला तर नळी खोटं बोलते. दोन टोकांचं पाणी एका पातळीला येतच नाही. तुमच्या त्या नळातसुद्धा बुडबुडाच अडकला असेल. चोर कसला शोधता?”

मी विज्ञानाचा पदवीधर, वीस वर्षे मुलांना हवेचा दाब शिकवीत आलेला. आणि ही गोष्ट मला एका गवंड्याने सांगावी! त्या रात्री पुस्तके काढून बसलो. त्यातून जे उमगले ते येथे क्रमाने सांगतो.

नळातील दोन प्रवासी

नळातून पाणी जाते असे आपण म्हणतो. पण अर्धवट भरलेल्या नळातून पाणी आणि हवा असे दोन प्रवासी एकाच वाटेने जात असतात. पाणी जड, म्हणून ते तळाशी राहते. हवा हलकी, म्हणून ती छताशी जाते. एक घनमीटर पाण्याचे वजन १००० किलो, तर तेवढ्याच हवेचे सव्वा किलोच्या आतबाहेर. म्हणजे पाणी हवेच्या सुमारे ८०० पट जड आहे. नळ उभा असता तर दोघांची गाठ निराळ्या प्रकारे पडली असती. आडव्या नळात मात्र गुरुत्वाकर्षण त्यांना दोन मजल्यांवर बसवून देते.

दोघेही सावकाश चालले तर त्यांच्यामधील पृष्ठभाग आरशासारखा सपाट राहतो. हवेचा वेग थोडा वाढला की त्या पृष्ठभागावर बारीक लहरी उमटतात. मयेच्या तळ्यावर वारा सुटला की जे दिसते तेच हे दृश्य. परंतु तळे आणि नळ यांत एक मोठा भेद आहे. तळ्यावरील वाऱ्याला वर सारे आकाश मोकळे आहे. नळातील हवेच्या डोक्यावर छत आहे.

लाट का वाढते?

समजा, नळातील पाण्यावर एक लहानशी लाट उठली. लाटेच्या माथ्यावर हवेला जाण्याची वाट अरुंद झाली. तितकीच हवा अरुंद वाटेने जावयाची तर तिला वेग वाढविला पाहिजे. वेग वाढला की दाब घटतो, हा डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून पुढे आलेला नियम शाळेत आपण सर्व शिकलो आहोत. कागदाची पट्टी ओठांशी धरून तिच्या वरून फुंकर मारली तर पट्टी वर उचलली जाते; तसाच लाटेचा माथा कमी दाबाकडे वर ओढला जातो. माथा वर गेला की वाट आणखी अरुंद, वेग आणखी अधिक, दाब आणखी कमी. दुसऱ्या बाजूने गुरुत्वाकर्षण त्याच माथ्याला खाली ओढीत असते.

तात्पर्य, ही दोन ओढींमधील झुंज आहे. गुरुत्वाकर्षण जिंकले तर लाट विरते; हवेची ओढ जिंकली तर लाट वाढते. एकमेकांवरून निरनिराळ्या वेगाने सरकणाऱ्या दोन थरांमध्ये लाट अशी उठते, हे जर्मनीच्या हेल्महोल्ट्झने १८६८ साली आणि ब्रिटनच्या केल्व्हिनने १८७१ साली गणिताने मांडले. म्हणून या घटनेला दोघांचेही नाव आहे.

उदाहरण घेऊ. १० सेंटिमीटर व्यासाचा आडवा नळ पाण्याने अर्धा भरलेला आहे. गणित करून पाहिले तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे ९ ते १० मीटर झाला म्हणजे लाट छतापर्यंत वाढू शकते. हा साधारण गावातून जाणाऱ्या स्कूटरचा वेग झाला. नळ जितका अधिक भरलेला, हवेची वाट जितकी चिंचोळी, तितक्या कमी वेगात हे घडते. वायू दाबाखाली असेल तर तो दाट होतो, आणि तेव्हाही कमी वेग पुरतो. वायू शंभरपट दाट झाला तर वेग दहाव्या हिश्शाइतका पुरे!

लाटेचा दट्ट्या होतो

लाट छताला टेकली की मोठाच फरक पडतो. आतापर्यंत हवेला वाट होती. आता पाण्याने ती बुजविली. मागून येणारी हवा कोंडते आणि त्या पाण्याला पिचकारीतील दट्ट्याप्रमाणे पुढे ढकलते. दट्ट्या पुढचे पाणी खरवडून पोटात घेतो आणि मागे थोडे सांडीत जातो. त्याच्यामागे हवेचा लांबट फुगा, मग पुन्हा दट्ट्या, पुन्हा फुगा. पाणी सुटताच आपला नळ खोकतो तो याच क्रमाने : फूस्स म्हणजे फुगा, थुंकी म्हणजे दट्ट्या.

हा दट्ट्या दिसतो तितका गरीब नव्हे. वर सांगितलेल्या १० सेंटिमीटरच्या नळातून सेकंदाला १० मीटर वेगाने हवा जाऊन काटकोनातील वळणावर आदळली, तर ती आपल्या सरळ दिशेने सुमारे १०० ग्रॅम वजनाइतका रेटा देते. त्याच वेगाने पाण्याचा दट्ट्या आदळला, तर रेटा सुमारे ८० किलोंचा! क्षणापूर्वी १०० ग्रॅम आणि क्षणानंतर ८० किलो, असे धक्के दिवसेंदिवस बसत राहिले की सांधे ढिले होतात आणि खिळवलेल्या पट्ट्या भिंतीतून निघतात. आपल्या स्नानगृहातील नळ थरथरतो, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक आहे.

आडव्या नळात वायू आणि द्रव कोणकोणत्या रूपांत वाहतात, याची अभ्यासकांनी यादी केली आहे. सपाट थर, लहरींचा थर, लांबट फुगे, दट्ट्या, सर्वत्र विखुरलेले बारीक बुडबुडे. आणि वायूचा वेग अतिशय वाढला म्हणजे नळाच्या कडेने द्रवाचे कंकण व मधून तुषार घेऊन धावणारा वायू. कोणत्या वेगांना कोणते रूप मिळेल हे दाखविणारा नकाशा बेकर याने १९५४ साली दिला. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील मांधने, ग्रेगरी आणि अझीझ यांनी १९७४ साली प्रयोगांच्या मोठ्या संग्रहावरून नवा नकाशा काढला. १९७६ साली टायटेल व डकलर यांनी त्याच सीमारेषा बलांच्या विचाराने मांडून दाखविल्या. वर केलेले आपले गणित त्यांच्याच पद्धतीचे आहे.

समुद्राखालील नळ

एवढा अभ्यास केवळ स्नानगृहाच्या नळासाठी झालेला नाही, हे उघडच आहे. मुंबईच्या पश्चिमेस समुद्रात सुमारे १६० किलोमीटरवर ‘बॉम्बे हाय’ येथे १९७४ साली तेल लागले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेथील विहिरींच्या फलाटांवरून प्रक्रियेच्या फलाटांकडे जाणाऱ्या नळांतून तेल, वायू आणि पाणी एकत्रच येतात. आपल्या वसईच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वायुक्षेत्रातून गुजरातेतील हाजिरा येथे वायू येतो तो दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळातून. वाटेत समुद्रतळाच्या गारव्याने वायूतील काही भाग द्रवरूप होतो, सखल जागी साचतो आणि दट्ट्याच्या रूपाने किनाऱ्यावर येतो. म्हणून वायू यंत्रांत शिरण्यापूर्वी तेथे जाडजूड नळांची एक रांगच मांडलेली असते. दट्ट्या त्यात शिरला की पसरतो, मंदावतो, द्रव खाली उतरतो आणि वायू वरून पुढे जातो. यंत्रशास्त्रात तिला ‘स्लग कॅचर’ म्हणतात. आपण तिला दट्ट्याचा पिंजरा म्हणू या.

युक्ती किती साधी आहे पाहा. दोघांना पुरेशी जागा आणि थोडी उसंत दिली, की ते आपोआप आपापल्या मजल्यावर जातात.

आमच्या नळाचे गणित

आता पुन्हा वाड्यावर येऊ. गवंड्याचे शब्द ऐकल्यावर मी त्यांचीच नळी घेऊन, दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने, टाकीपासून खालपर्यंत उंचसखल मोजले. खालच्या तोटीपासून टाकीतील पाणी ४ मीटर उंच. वरच्या घरांपाशी नळाचा पहिला उंचवटा ३ मीटरवर. तेथून नळ व्हाळाकडे १ मीटरपर्यंत उतरतो. मग मोरीवर चढून अडीच मीटरवर जातो. हा दुसरा उंचवटा.

पहाटे टाकी भरली की पाणी पहिला उंचवटा ओलांडून तळाच्या बाजूने झरझर उतरे. वर हवा होतीच. उताराच्या पायथ्याशी वेगवान पाणी मंद पाण्यास भेटले की ते उसळी मारते. पावसाळ्यात बांधाच्या पायथ्याशी पाणी उसळताना आपण पाहतो, तीच ही उसळी. ती लाट छताला टेकली आणि हवेचे दार लागले! पहिला उंचवटा आणि व्हाळ यांच्या दरम्यानची हवा आत कोंडली गेली.

टाकीतील पाणी पहिल्या उंचवट्याहून १ मीटरच उंच. म्हणजे कोंडलेल्या हवेवर दाब पडणार तो १ मीटर पाण्याचा. त्या दाबाने व्हाळापासून पुढचे पाणी साधारण मीटर-सव्वामीटर चढेल. दुसरा चढ मात्र दीड मीटरचा. झाले! टाकी भरलेली, नळ धडधाकट, कोठे गळती नाही, चोरी नाही. आणि तरीही खाली थेंब नाही. हवा अडकल्यामुळे पहिल्या उतारावरील २ मीटर उंची जवळजवळ फुकट गेली होती. गवंड्याची नळी खोटे बोलते ती याच कारणाने.

पाण्याचा ओघ जोरदार असता तर त्याने हवा ओढून नेली असती. पण दोन इंची नळात पाणी सेकंदाला अर्ध्या-पाऊण मीटरहून मंद असेल, तर उतारावरील हवेचा फुगा जागचा हलत नाही.

आणि वरच्या घरांचे नळ? ते नेमके पहिल्या उंचवट्यावर होते. ती मंडळी तोटी उघडत, तेव्हा आधी कोंडलेली हवा बाहेर पडे आणि मग पाणी सुरू होई. हवा गेली की खालची वाट मोकळी. म्हणजे ज्यांना आम्ही चोर ठरविले, तेच रोज पहाटे आमच्या पाण्याचे दार उघडून देत होते. आणि आमच्या आळामुळेच ते दार बंद झाले होते!

हे गणित एका कागदावर मांडून मी वरच्या पहिल्या घरी गेलो. तेथील आजींना मी लहानपणापासून ओळखतो. त्यांनी कागद पाहिलाही नाही. “तू माफी मागायला आलास की शिकवायला?” असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, “आधी माफी, आजी, शिकवणं मागाहून.” दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी आपली तोटी उघडली. बराच वेळ हवा सुटत राहिली, मग पाणी आले, त्यांनी तोटी बंद केली. आणि थोड्याच वेळाने खालच्या घरांतून घागरींचा आवाज येऊ लागला. पुढे त्या उंचवट्यावर आम्ही वर्गणी काढून एक बारीक उभी नळी बसविली. तिचे तोंड टाकीच्या पातळीहून वर नेले, खाली वळविले आणि त्यावर जाळी लावली. तेव्हापासून हवा कोणालाही न विचारता निघून जाते.

जुन्यांचे शहाणपण

ही युक्ती नवी नव्हे. अठराव्या शतकात, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून पुण्यात पाणी आणले गेले. त्या जलमार्गावर ठिकठिकाणी उंच मोकळी धुराडी बांधली होती. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणत. पाण्यालाही श्वास लागतो हे ज्याने ओळखले, त्या कारागिराच्या भाषेचे कौतुक करावे तेवढे थोडे. विजापुरात आदिलशाही अमदानीत मातीच्या नळांनी शहराला पाणी दिले जाई. तेथेही वाटेत दगडी मनोरे उभारले होते, त्यांना ‘गंज’ म्हणतात. नळातील दाब मोकळा करणे आणि गाळ बसविणे हे त्यांचे काम. आपला हा मुलूख काही काळ त्याच विजापूरच्या सत्तेखाली होता, हे येथे आठवते.

आज तिळारीचे पाणी कालव्याने येते, चांदेलच्या केंद्रात शुद्ध होते आणि लोखंडी वा प्लास्टिकच्या नळांनी पेडण्याच्या घरोघरी जाते. डिचोलीकडे पडोशेचे केंद्र हे काम करते. साधने बदलली, तरी नळ रिकामा होऊन पुन्हा भरतो तेव्हा हवा, पाणी आणि लाट यांचा खेळ जुनाच असतो. मुख्य नळांवर उंच जागी बसविलेले हवेचे व्हॉल्व्ह म्हणजे त्या उच्छ्वासांचेच आजचे वंशज होत.

घरोघरी ध्यानात ठेवण्याजोगे

१) पाणी बंद होऊन पुन्हा आले की तोटी हळूहळू उघडावी. हवा झटकन सुटली तर मागचे पाणी धावत येऊन सांध्यांवर आदळते.

२) प्रथम सर्वांत उंचावरील तोटी उघडावी, म्हणजे हवेला तिची नैसर्गिक वाट मिळते.

३) नवा नळ टाकताना तो एकसारख्या चढाने वा उताराने न्यावा. दगड वा मूळ आडवे आले म्हणून मध्येच कुबड काढू नये. काढणे भागच पडले तर तेथे हवेची वाट ठेवावी.

४) रिकाम्या नळात हवेबरोबर फुटक्या सांध्यातून बाहेरची घाणही ओढली जाऊ शकते. म्हणून पहिले गढूळ पाणी पिण्यास घेऊ नये, झाडांना घालावे.

५) मीटरचे चाक हवेनेही फिरते. पाणी न येता मीटर फिरताना दिसला, तर त्याची नोंद ठेवून कचेरीत रीतसर कळवावे. स्वतः खटपट करू नये.

मुलांसाठी प्रयोग आणि प्रश्न

गवंड्याची असते तशी तीनचार मीटर लांब पारदर्शक नळी घ्या. ती एका दोरीवर नागमोडी टांगून दोन उंचवटे करा. वरच्या टोकाशी नरसाळे लावून, पहिल्या उंचवट्याहून थोड्याच उंचीवरून सावकाश रंगीत पाणी ओता. पाणी कोठे थांबते ते पाहा. मग पहिल्या उंचवट्यावर सुईने छिद्र करा आणि काय होते ते वहीत लिहा.

१) आमच्या टाकीतील पाणी आणखी १ मीटर उंच असते, तर दुसरा उंचवटा ओलांडला गेला असता काय?

२) दुसऱ्या उंचवट्यापलीकडील हवा का अडकत नव्हती? (खालच्या तोट्या उघड्या होत्या, हे ध्यानात घ्या.)

३) उभ्या नळीचे तोंड टाकीच्या पातळीहून खाली ठेवले असते तर काय झाले असते?

उत्तरे येथे देत नाही. ती मुलांनी आईवडिलांना समजावून सांगावीत, अशी माझी इच्छा आहे. मेस्त्री आता हयात नाहीत. त्यांची ती पातळी पाहण्याची नळी मी त्यांच्या मुलाकडून मागून घेतली असून ती आज माझ्या वर्गाच्या कपाटात आहे. दरवर्षी हवेच्या दाबाचा धडा आला की ती बाहेर निघते. आणि त्या दिवशी मुलांना मी आमच्या भांडणाचीही हकीकत सांगतो.